नमुन्यातलं नाव

मारोतराव निमजे यांना स्वतःच्या निधनाची बातमी स्वतःच्याच फोनवर मिळाली, तेव्हा ते चहात टोस्ट बुडवत होते. टोस्ट चहातच राहिला. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पुन्हा वाचलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की श्री. मारोतराव निमजे यांचे आज निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरून, तांडापेठ, सायंकाळी निघेल.' शुद्धलेखन अगदी चोख होतं. आणि वर, जिथे एरवी पाठवणाऱ्याचा नंबर असतो तिथे, 'विणकर' हे नाव होतं. इंग्रजीतली ही सहा अक्षरं मिळवायला विणकर समाजाच्या मंडळाने अख्खा हिवाळा घालवला होता.

"आला!" समोर लॅपटॉप मांडून बसलेला हेमराज पराते ओरडला. हेमराज म्हणजे मंडळाचा खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेला. "भाऊ, आला पाहा मेसेज! वरतं नाव बी आलं!"

मारोतरावांनाही क्षणभर आनंदच झाला. तेवढ्यात हेमराजचा स्वतःचा फोन वाजला. मग भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा वाजला. मग गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा. शेजारच्या घरातून कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हणून किंचाळलं आणि हातातलं पातेलं खाली पडल्याचा आवाज आला.

"हेमराज," मारोतराव हळूच म्हणाले, "हे कोणाकोणाले गेलं गा?"

हेमराजने पडद्याकडे पाहिलं. चाचणीचा मेसेज एकाच नंबरावर जायचा होता, मारोतरावांच्या. पण नंबराच्या जागी हेमराजने सकाळीच मोठ्या हौसेने चढवलेली सर्व सभासदांची यादी तशीच निवडलेली होती. "भाऊ," तो म्हणाला, "साऱ्या समाजाले गेलं."

आता हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हे दोघे म्हातारे वेडे होते. वेडे नव्हते. नियमाने चालणारे होते, आणि तेच नडलं.

मंडळात कोणाचं काही बरंवाईट झालं की पूर्वी मारोतराव सायकल काढत. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी, लागलंच तर उमरेडपर्यंत बातमी पोचवायचं काम त्यांचं. पुढे मोबाइलवर ग्रुप निघाला आणि बातमीची पार रया गेली. निधनाचा निरोप फुलांच्या गुड मॉर्निंगखाली दबून जायचा, आणि एकदा तर कोण्या शहाण्याने त्याखाली अंगठा दाखवला. शिवाय निम्म्या जुन्या विणकरांकडे बटणांचेच फोन. म्हणून ठरलं की ग्रुप बंद करायचा आणि मंडळाच्या नावाने साधा मेसेजच पाठवायचा.

पण आजकाल उठला आणि शेकडो लोकांना मेसेज पाठवला असं चालत नाही. दूरसंचारचे नियम आहेत. आधी संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याच्या नावाची नोंदणी, आणि मग प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यायचा. ठरलेले शब्द ठरलेलेच राहणार. बदलणारी जागा तेवढी रिकामी सोडायची, आणि त्या जागेत काय येईल त्याचं एक उदाहरण भरून दाखवायचं.

गाडं अडलं ते या उदाहरणावर. 'श्री. अमुक यांचे निधन झाले' यातला अमुक कोण? हेमराजने 'अबक' लिहून पाठवलं, ते परत आलं. खरं वाटेल असं नाव द्या म्हणे. जित्या माणसाचं नाव मेल्याच्या जागी लिहायला सभेत कोणी धजेना. वास्तू तथास्तु म्हणते हे सगळ्यांना ठाऊक. एकाने सुचवलं की जे गेलेच आहेत त्यांच्यापैकी कोणाचं लिहा, तर त्यांचा मुलगा ताडकन उठला, "माह्या बापाले दुसऱ्यांदा काहून मारून राहिले?" शेवटी मारोतराव उभे राहिले. "लिहा माहं नाव. मी सचिव आहो. वास्तू तथास्तु म्हणीन तं माह्यापुरतं म्हणीन." सभेने टाळ्या वाजवल्या. घरी बायकोला, मैनाबाईला, त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

लग्नाच्या आमंत्रणाचा नमुना परत आला, कोणाला तरी ती जाहिरात वाटली. मरणाच्या नमुन्याला मात्र कोणी हरकत घेतली नाही. तो मंजूर झाला, आणि आजची चाचणी उदाहरणातल्या नावासकटच गेली.

"दुरुस्ती पाठव," मारोतराव म्हणाले. "लिही, मारोतराव खुशाल आहे, वरचा मेसेज चुकीचा आहे."

हेमराजने लिहिलं आणि पाठवलं. यंत्राने ते तिथल्या तिथे फेटाळलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फेटाळलं. मग त्याने मेसेजचं काम पाहणाऱ्या कंपनीत श्वेता नावाच्या बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सर, तो मजकूर मंजूर नमुन्याशी जुळत नाहीये," श्वेता गोड आवाजात म्हणाली. "तुमचा एकच नमुना मंजूर आहे. नवीन टाका, दोन-चार दिवसांत होऊन जाईल."

"तवापर्यंत मी काय मेलेलाच राहू, बाई?" मारोतराव ओरडले.

श्वेताने आवाज खाली आणला. "सर, आपण कोण बोलताय?"

"ज्याचं निधन झालं तो!"

श्वेताने फोन ठेवला नाही, हे तिचं मोठेपण. पण तिच्या हातातही काही नव्हतं. हेमराजने एक शक्कल काढली, रिकाम्या जागीच काही बसतं का पाहायची. पण तिथे काहीही घातलं तरी मागचं 'यांचे आज निधन झाले' हलत नव्हतं. मंडळाच्या नावाने आज समाजाला कळवायचं तर एवढंच कळवता येत होतं की कोणीतरी मेलं. जिवंत माणसाची सोय त्या नमुन्यात नव्हती.

आणि मग मारोतरावांना एकदम आठवलं. "मैना," ते म्हणाले.

मैनाबाई त्या दिवशी मंडळाच्या बायकांबरोबर रामटेकला गेली होती. भल्या पहाटे तिथल्या गडमंदिरासाठी अख्खी बस निघाली होती. बसमधल्या प्रत्येक बाईचा नंबर यादीत होता, कारण मारोतरावांनीच आग्रह धरला होता की बायांनाही बातमी पुरुषांच्या बरोबरीने गेली पाहिजे. त्यांनी मैनाबाईचा नंबर लावला. फोन आतल्या खोलीत फ्रिजवर वाजला. नेहमीप्रमाणे ती चार्जिंगला लावून विसरून गेली होती.

त्यांनी प्रेमिलाला लावला. प्रेमिला महिला शाखेची प्रमुख, बस तिनेच ठरवलेली. फोन बंद. दुसरीला लावला, बंद. तिसरीला लावला, तिच्या फोनवर मारोतराव निमजे हे नाव झळकलं असावं, कारण तिने तो उचलला, "माय वं!" अशी किंकाळी फोडली आणि तोही बंद झाला.

चौथा लावायला त्यांचं बोट उठलंच नाही. बंद का आहेत ते त्यांना कळलं होतं. तो नियम त्यांचाच होता.

कोण्या बाईचा माणूस गेला आणि ती बाहेरगावी, माहेरी, देवाला कुठे असली, तर तिला रस्त्यात सांगायचं नाही. 'प्रकृती जराशी बरी नाही, घरी चला,' एवढंच बोलायचं. दोन्ही बाजूंना एकेक बाई बसवायची. कोणी रडायचं नाही. फोन बंद ठेवायचे, म्हणजे भलत्याच कोणाचं रडणं तिच्या कानावर पडायला नको. दारात आणायचं आणि मग चार माणसांत तिला समजू द्यायचं. सायकलच्या दिवसांपासून मारोतराव हेच करत आले, आणि समाजातल्या बायांना त्यांनी हेच शिकवलं. सगळ्यात जास्त मैनाबाईला, कारण बाजूला बसायला ते नेहमी तिलाच नेत.

याचा त्यांना अभिमान होता. यमुताईंची गोष्ट तर ते दर वार्षिक सभेत सांगत. यमुताईंचा नवरा बापूजी मागावर बसल्या बसल्या गेला, तेव्हा यमुताई उमरेडला माहेरी होत्या. मारोतराव तेव्हा ऐन पंचविशीत. जीप करून गेले आणि त्यांना घेऊन आले. "वाटेत पाचगावपाशी त्याइनं उसाचा रस बी पिला," मारोतराव सांगत. "एवढा बी संशय येऊ देला नाही मी." आणि ऐकणारे माना डोलवत.

आज तोच नियम मैनाबाईला घेऊन रामटेकहून निघाला होता.

हेमराजने स्कूटर काढली आणि बस अडवायला तो कामठी रोडकडे सुटला. इकडे अंगण भरू लागलं. पहिला आला लहानू. समाजात कोणी गेलं की तिरडी बांधायला लहानूच. खांद्यावर दोन हिरवे बांबू, काखेत सुतळी. अंगणात खुर्चीवर बसलेले मारोतराव दिसले तसे बांबू त्याच्या खांद्यावरून घरंगळले आणि तो जागच्या जागी मटकन बसला.

"जिता आहो मी, लहानू. ऊठ."

"मंग हे बांबू?" लहानूला दुसरं काही सुचेना. "तिरडीचे बांबू वापस नेत नसते, भाऊ."

त्यानंतर लोक येतच राहिले. प्रत्येक जण फाटकात थबके, पांढरा पडे, मग हसे, आणि काही तर चिडले. एक जण हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी सोडून आला होता, त्याने मारोतरावांना तोंडावर सुनावलं की निदान मरायचं तरी होतं. यमुताई काठी टेकत आल्या, जवळ येऊन मारोतरावांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कावळा शिवला होता काय गा तुले?" कावळा डोक्याला शिवला की मरणाची खोटी बातमी धाडायची, आप्तांनी रडून घ्यायचं, म्हणजे अरिष्ट टळतं, अशी जुन्यांची समजूत.

"नाही वो, यमुताई. टेस्टिंग होती."

यमुताईंना ते समजलं नाही. त्या ओट्यावर बसल्या. ऊन चढत होतं. आलेल्या लोकांना नुसतं कसं पाठवायचं, म्हणून कोणीतरी कोपऱ्यावरच्या गाडीवरून उसाचा रस मागवला. सगळ्यांनी घेतला. यमुताईंनी ग्लास बाजूला सारला. "मले चालत नाही," त्या म्हणाल्या.

मारोतरावांचं कशातच लक्ष नव्हतं. त्यांना दिसत होती ती बस. मधल्या जागेवर मैना, एका बाजूला प्रेमिला, दुसऱ्या बाजूला आणखी एक, आणि सगळ्या बाया मुक्या. तिला काही माहीत नाही, ते स्वतःला बजावत होते. नियम पक्का आहे. ती दारात येईल, मी समोर दिसेन, तिला काही कळायच्या आतच सगळं संपलेलं असेल. अर्ध्या आयुष्याची पुण्याई आज माझ्याच घरी कामाला येईल. या विचाराने त्यांना जरा धीर आला.

बस आली. हेमराज नाक्यावर उभाच राहिला आणि बस बायपासने निघून आली होती. आधी प्रेमिला उतरली. डोळे कोरडे ठेवून ठेवून लाल झालेले. तिला मारोतराव दिसले. तिने तोंडावर हात दाबला, बसच्या दांड्याला धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या घशातून निघालेला आवाज कोणालाही ओळखता आला नाही.

तिच्या मागून मैनाबाई उतरली. कुंकू जागच्या जागी, बांगड्या जागच्या जागी, हातात रामटेकच्या प्रसादाची पिशवी. तिने अंगणातली गर्दी पाहिली. जमिनीवरचे दोन हिरवे बांबू पाहिले. मग खुर्चीसमोर उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, कापडाच्या ठाणात दोष शोधावा तसं.

"तुमची प्रकृती बरी नाही म्हणे," ती म्हणाली.

अंगणात एकदम हसू फुटलं. आयुष्य वाढलं भाऊचं, असं कोणी ओरडलं, कोणी टाळी दिली. सगळेच एकदम तिला चूक कशी झाली ते सांगू लागले, नमुना, यादी, चाचणी. मैनाबाईने ऐकून घेतलं, मान हलवली, पिशवी सांभाळत ती आत गेली. मारोतराव मागोमाग गेले. पूर्वी जिथे मागाचा खड्डा होता आणि आता फरशी बसवलेली आहे, तिथे ती भिंतीला टेकून बसली होती. पिशवी अजून हातातच होती.

"बरं झालं, तुले काही समजू देलं नाही त्याइनं," मारोतराव म्हणाले. "चांगलं सांभाळलं प्रेमिलानं."

"वाटेत मनसरलेच समजलं मले," मैनाबाई म्हणाली.

मारोतरावांनी दार लोटून घेतलं.

"प्रेमिला उठून माह्या बाजूले येऊन बसली. माह्या हातातली चिवड्याची पुडी काढून घेतली आन् म्हणाली, काकू, काकाची प्रकृती जराशी बरी नाही, आपण घरी जाऊ. एक शब्द इकडचा तिकडं नाही. तुमीच शिकवला तो. मी किती जणीइले म्हटला तो, अशीच बाजूले बसून." तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "त्या घडीले समजलं. तुमी गेले म्हणून."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? त्या बाया किती जपून राहिल्या होत्या मले. एक बी रडत नव्हती. मी रडली असती तं त्याइले वाटलं असतं, आपल्यानं सांभाळणं झालं नाही. म्हणून मीच म्हटलं, बीपी वाढलं असन, गोळी घेतली नसन. कामठी येईपर्यंत मी त्याइले तुमच्या गोळ्याच्या गोष्टी सांगून राहिली होती." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुमी मेले होते, आन् मी हसून हसून सांगून राहिली होती. बाजूले दोघी बसल्या होत्या, एकीचा बी हात धरता आला नाही मले."

मारोतरावांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने ती सोडली नाही.

"साऱ्याइले समजते जी," ती म्हणाली. "आपण ज्याइले ज्याइले आणलं, त्या साऱ्याइले समजलं असन. मले बी कुठं माहीत होतं? मी बी खुशाल बाजूले बसत होती. आज समजलं."

मारोतराव बाहेर आले. अंगणात अजून हशा चालला होता, लहानू बांबूंचं काय करायचं ते चार जणांना विचारत होता. यमुताई ओट्यावर होत्या, बाजूला तो रसाचा भरलेला ग्लास, त्यावर माशी बसलेली. मारोतराव त्यांच्या पायाशी खालच्या पायरीवर बसले.

"यमुताई, एक विचारू? उमरेडवरून आणलं होतं मी तुमाले. बापूजी गेले तवा."

"हो."

"तुमाले रस्त्यात समजलं होतं काय?"

यमुताईंनी त्यांच्याकडे जराशा नवलाने पाहिलं, इतक्या वर्षांनी हा हे काय विचारतो म्हणून. "घरूनच समजलं होतं गा. तू दारात उभा राहून प्रकृती बरी नाही म्हटलं, तवाच."

"मंग तो रस?" मारोतरावांनी विचारलं. "रस काहून पिला तुमी?"

"तू आणून देला नं," यमुताई म्हणाल्या. "तुहा हात असा कापून राहिला होता, अर्धा ग्लास सांडला होता तुह्याच पायावर. पोरगाच होता तू. मी नाही म्हटलं असतं तं तुले तिथंच सांगा लागलं असतं, उन्हात, रस्त्यावर. तुह्यानं झालं नसतं ते. म्हणून पिला." त्यांनी ग्लासाकडे पाहिलं आणि पदराने माशी हाकलली. "मंग काही घशाखाली उतरला नाही कधी."

वर्षानुवर्षं सभेत सांगितलेली ती गोष्ट मारोतरावांच्या छातीत उभी राहिली. माना डोलवणाऱ्यांत, दर वर्षी पहिल्या रांगेत, यमुताईही बसलेल्या असायच्या.

आतून आवाज आला. आधी दबलेला, मग मोठा, मग आवरेनासा. मैनाबाई रडत होती, मनसरपासून साठवलेलं. अंगणातलं हसणं थांबलं. प्रेमिला धावली, पण यमुताईंनी काठी आडवी धरून तिला अडवलं.

"तू जाय," त्या मारोतरावांना म्हणाल्या. "बाजूले बस तिच्या. बोलू नोको काही. प्रकृती गिकृती काही सांगू नोको."

मारोतराव आत गेले. मैनाबाईच्या बाजूला फरशीवर बसले, तिच्या हातातली प्रसादाची पिशवी काढून खाली ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि ती त्यांच्या नावाने रडत होती, तोवर ते तसेच ऐकत बसून राहिले.